त्रिज्या म्हणजेच काळ? फुगणाऱ्या गोलाचं विश्व कसं तपासायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुमचं म्हणणं असं आहे: आपलं तीन मितींचं विश्व हा चार मितींच्या एका गोलाचा पृष्ठभाग आहे. फुग्यावरच्या मुंगीला जसा फुग्याच्या आतला भाग कळत नाही, तसं आपल्याला त्या गोलाचं केंद्र कळत नाही. गोलाची त्रिज्या प्रकाशाच्या वेगाने वाढतेय आणि तिचं वाढणं म्हणजेच काळाचं पुढे सरकणं. या एकाच कल्पनेतून हबलचा नियम (दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती लांब जाते) निघतो, विश्वाचं वय जवळजवळ बरोबर येतं आणि डार्क एनर्जीची, म्हणजे प्रसरणाला वेग देणाऱ्या त्या अज्ञात ऊर्जेची, गरज उरत नाही. मग यात चूक कुठे आहे, आणि दोन प्राध्यापकांना आकृत्यांसह पाठवूनही उत्तर का आलं नाही?

उत्तर का आलं नाही ते मी सांगू शकत नाही. चूक कुठे आहे हे मात्र बऱ्यापैकी सांगता येईल, कारण गेली वीसेक वर्षं मी सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांवर वेगवेगळी मॉडेलं बसवून बघण्याचंच काम करतोय. त्यात तुमच्यासारखी मॉडेलंही आली. विद्यार्थी असताना मी स्वतःही एक केलं होतं. ते मार्गदर्शकांपुढे ठेवलं तेव्हा त्यांनी आकृतीकडे पाहिलंही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "यात प्रकाश कसा चालतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने ते शोधण्यात गेले आणि मॉडेल पडलं, पण विश्वरचनाशास्त्र म्हणजे काय ते मला त्या दोन महिन्यांत समजलं. तोच प्रश्न मी तुमच्या मॉडेलला विचारणार आहे. गंमत म्हणजे त्याचं उत्तर तुमच्या मॉडेलमध्ये आधीपासून आहे, तुम्ही फक्त ते काढलेलं नाही.

आधी तुमचं बरोबर काय ते सांगतो, कारण ते कमी नाही. विश्व हा बंद गोल असू शकतो, त्याला कड नसते आणि तरी त्याचं आकारमान मर्यादित असतं, ही कल्पना आइन्स्टाइनने १९१७ मध्ये मांडली. त्याचा गोल स्थिर होता. तो गोल फुगू किंवा आकसू शकतो हे १९२२ मध्ये फ्रीडमनने गणिताने दाखवलं, आणि १९२७ मध्ये लमेत्रने ते दीर्घिकांच्या दूर जाण्याशी जोडलं. म्हणजे तुमच्या कल्पनेतला गोल शंभर वर्षांपासून विषयाच्या पहिल्या पाठात आहे. नवीन आहे ती एकच गोष्ट: त्रिज्या = प्रकाशवेग × काळ. सगळी परीक्षा या एका ओळीची आहे.

चौथ्या मितीबद्दल थोडं थांबतो, कारण तुम्ही तिच्यावर बरीच पानं खर्च केली आहेत. घरात मोसंबं असेल तर घ्या. देठापाशी एक ठिपका काढा. तिथून एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन रेषा बॉलपेनने मोसंब्याच्या पोटापर्यंत आणा आणि पोटावरून आडवी रेष मारून त्या जोडा. तयार झालेल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत, बेरीज २७० अंश. मोसंब्यावरच्या मुंगीने हा त्रिकोण मोजला तर मोसंबं न सोडता, आतला गर न बघता तिला कळतं की आपला पृष्ठभाग वक्र आहे. गाऊसने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं ते हेच: वक्रता आतूनच मोजता येते. त्यामुळे चौथी मिती खरी आहे की नाही, केंद्र कुठे आहे, बाहेर काय आहे, या प्रश्नांनी तुमचं मॉडेल ना तरतं ना बुडतं. ती पानं बाजूला ठेवली तरी चालेल.

आता प्रकाश. आपण गोलावर एका जागी आहोत. दूरची दीर्घिका आपल्यापासून केंद्राशी ठरावीक कोन करून बसली आहे. गोल फुगला तरी तो कोन बदलत नाही. अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले कोन, त्यामुळे अंतर वाढण्याचा वेग म्हणजे प्रकाशवेग गुणिले कोन. दुप्पट कोन, दुप्पट वेग. हा झाला हबलचा नियम, आणि तुम्ही तो बरोबर काढला आहे. हबलचा स्थिरांक म्हणजे एक भागिले विश्वाचं वय. दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ७० किलोमीटर हा आकडा घातला की वय येतं सुमारे १,३९७ कोटी वर्षं. प्रचलित आकडा आहे १,३८० कोटी. इतकं जवळ आलेलं बघून कुणालाही वाटेल की आपल्या हाताला काहीतरी लागलंय. सगळ्यात जुन्या तारकागुच्छांची वयं १,२०० ते १,३०० कोटी वर्षांच्या घरात येतात, म्हणजे इथेही तुमचं मॉडेल अडत नाही. दूरच्या सुपरनोव्हा संथपणे उजळतात आणि मावळतात, तेही तुमच्या गोलात आपोआप होतं, कारण ते कुठल्याही प्रसरणात होतं.

तुम्ही इथे थांबलात. एक पाऊल पुढे जाऊ. एका छोट्या वेळात प्रकाश पृष्ठभागावर जेवढं अंतर कापतो त्याला त्या वेळच्या त्रिज्येने भागलं की त्याने किती कोन कापला ते कळतं. तुमच्याकडे त्रिज्या काळाच्या प्रमाणात आहे, म्हणून कापलेला कोन म्हणजे काळातली छोटी वाढ भागिले तेव्हाचं वय. अशा सगळ्या तुकड्यांची बेरीज केली की लॉग मिळतो: एकूण कोन = (आजचं वय भागिले प्रकाश निघाला तेव्हाचं वय) याचा नैसर्गिक लॉग. प्रकाशलहर वाटेत जेवढी पट ताणली जाते ते गुणोत्तरही हेच असतं, कारण गोल तेवढाच पट फुगला. लहर किती पट ताणली त्याला मी ताणपट म्हणतो. खगोलशास्त्रात वापरतात तो रेडशिफ्ट म्हणजे ताणपट वजा एक: रेडशिफ्ट १ असेल तर ताणपट २, रेडशिफ्ट ९ असेल तर ताणपट १०. म्हणजे तुमच्या विश्वाचा मूळ नियम असा: कोन = ताणपटाचा नैसर्गिक लॉग. यात जुळवाजुळव करायला एकही आकडा मोकळा नाही. जे काही निघेल ते टळणार नाही. मॉडेल म्हणून मला हे फार आवडतं, कारण ज्याला पळवाट नाही त्याची परीक्षा स्वच्छ होते.

पहिली परीक्षा सुपरनोव्हांची. एक-ए प्रकारच्या सुपरनोव्हांची मूळ तेजस्विता जवळजवळ सारखी असते, काही दुरुस्त्या करून ती आणखी सारखी करता येते. त्यामुळे एखादी किती मंद दिसते त्यावरून ती किती दूर आहे ते कळतं. तुमच्या गोलात मंदपणा ठरवणारं अंतर येतं: आजची त्रिज्या × ताणपट × कोनाचा साइन. साइन का? मोसंब्यावर देठापासून निघालेल्या रेषा सपाट कागदावर पसरतील तेवढ्या पसरत नाहीत, म्हणून दूरची वस्तू सपाट विश्वाच्या मानाने उजळ दिसते.

आकडे घालू. रेडशिफ्ट ०.०५ ला तुमचं मॉडेल आणि प्रचलित मॉडेल (३० टक्के द्रव्य, ७० टक्के डार्क एनर्जी, सपाट अवकाश) यांत फरक पडतो ०.०३ प्रतीचा (प्रत म्हणजे तेज मोजायचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद). एका सुपरनोव्हाच्या मोजणीतला विखुरलेपणा साधारण ०.१५ प्रत असतो, तेव्हा एवढा फरक सहज झाकला जातो. तुम्ही तपासलेल्या दीर्घिका सगळ्या जवळच्या होत्या, आणि आलेख सरळ रेषेत आल्यामुळे मॉडेल सिद्ध झालं असं तुम्ही धरलंत. नवख्या माणसाकडून होणारी ही सगळ्यात सामान्य चूक आहे, माझ्याकडूनही झाली होती. जवळच्या अंतरावर प्रत्येक फुगणारं मॉडेल हबलची सरळ रेष देतं. ती रेष आली म्हणून एका मॉडेलच्या बाजूने आणि दुसऱ्याच्या विरुद्ध काहीच सिद्ध होत नाही.

रेडशिफ्ट ०.५ ला फरक होतो ०.२४ प्रत. रेडशिफ्ट १ ला ०.४१ प्रत. म्हणजे तिथल्या सुपरनोव्हा तुमच्या विश्वात प्रचलित मॉडेलच्या मानाने जवळपास दीडपट उजळ दिसायला हव्यात. आणि निरीक्षणं नेमकी उलट्या बाजूला गेली आहेत. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना दूरच्या सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद आढळल्या: कमी द्रव्याच्या, डार्क एनर्जी नसलेल्या विश्वात त्या जिथे असायला हव्यात त्याहून १० ते १५ टक्के जास्त दूर. या कामाला २०११ चं नोबेल मिळालं. आज 'पँथिऑन प्लस' या संग्रहात १,५५० सुपरनोव्हा आहेत. एकेकीचा विखुरलेपणा ०.१५ असला तरी शेकडो मोजण्यांची सरासरी प्रतीच्या काही शतांशांत स्थिर होते. ०.४१ चा फरक त्यात लपत नाही.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती सांगायला हवी. हा हिशेब एक-ए सुपरनोव्हा दूरच्या काळातही आजच्यासारख्याच होत्या असं धरतो. समजा तेव्हाच्या सुपरनोव्हा मुळातच मंद होत्या, तर? हा आक्षेप १९९८ पासून घेतला गेला आणि अजूनही लहान प्रमाणात त्यावर काम चालू आहे. पण ०.४१ प्रत भरून काढायची तर रेडशिफ्ट १ वरची प्रत्येक सुपरनोव्हा मुळातच तीस टक्क्यांहून जास्त मंद हवी, आणि त्याचं वर्णपटात मात्र काहीच चिन्ह दिसायला नको. असं धरायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, पण मग ते मॉडेलमध्ये उघड लिहावं लागेल.

दुसरी परीक्षा मला स्वतःला जास्त भावते, कारण ती थेट गोलाच्या आकाराची आहे. मोसंब्याकडे परत या. देठापासून निघालेल्या रेषा पोटापर्यंत एकमेकींपासून लांब जातात आणि तिथून खाली परत जवळ येत जातात. बुडाशी सगळ्या एका बिंदूत मिळतात. तुमच्या विश्वातही आपल्या बरोबर पलीकडचं टोक आहे, आणि तिथून निघालेला प्रकाश आपल्याकडे सगळ्या दिशांनी येतो. ते टोक १८० अंशांवर, म्हणजे ताणपट २३ वर, म्हणजे रेडशिफ्ट २२ च्या आसपास येतं. तिथे नेमकी एखादी दीर्घिका असली तर ती सगळ्या आकाशभर पसरलेली दिसेल.

रेडशिफ्ट २२ ची दीर्घिका अजून कुणी पक्की मोजलेली नाही. पण जेम्स वेब दुर्बिणीने रेडशिफ्ट १४ च्या थोड्या पलीकडपर्यंतच्या दीर्घिका वर्णपटासह मोजल्या आहेत. तुमच्या गोलावर त्या सुमारे १५६ अंशांवर, म्हणजे पलीकडच्या टोकापासून फक्त २४ अंशांवर आहेत. रेषा तिथे चांगल्याच मिटत आलेल्या असतात. तेवढ्याच आकाराची दीर्घिका प्रचलित मॉडेलमध्ये आकाशात जेवढी दिसते त्याच्या सुमारे सहापट रुंद तुमच्या मॉडेलमध्ये दिसायला हवी. प्रत्यक्षात वेबने पाहिलेल्या या दीर्घिका आकाशात अगदी चिमुकल्या आहेत. तुमचं मॉडेल खरं धरलं तर त्यांचा खरा आकार प्रचलित अंदाजाच्या एक षष्ठांश आणि खरं तेज छत्तिसांश मानावं लागेल. अशक्य म्हणणार नाही, सुरुवातीच्या दीर्घिका कशा असाव्यात ते आपल्याला अजून पुरतं ठाऊक नाही. पण एवढ्या छोट्या दीर्घिकांत तेवढे तारे कसे, हा प्रश्न मग तुमच्याकडे येतो.

त्याही पलीकडे विश्वाची पार्श्वभूमी सूक्ष्मलहरी, विश्वाच्या तापलेल्या बालपणापासून आकाशभर उरलेला, आज २.७२५ केल्विन तापमानाचा तो जुना प्रकाश. त्याचा रेडशिफ्ट सुमारे १,०९०. लॉग काढा: कोन ७ रेडियन. पूर्ण फेरा ६.२८ रेडियनचा असतो. म्हणजे तुमच्या विश्वात हा प्रकाश गोलाला एक अख्खी प्रदक्षिणा घालून, वर आणखी ४१ अंश चालून आपल्यापर्यंत आलेला आहे! हे वाचून तुम्हाला आनंद होईल, आणि व्हायलाच हवा, कारण हे तुमच्या मॉडेलचं खरं, अंगचं भाकीत आहे. पण त्याची किंमतही आहे. त्या प्रकाशात आकाशभर साधारण एक अंश आकाराचे उष्ण-थंड ठिपके दिसतात. प्रचलित मॉडेलमध्ये हा आकार ध्वनिलहरींच्या धावेवरून ठरतो: विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत त्या तापलेल्या वायूत आवाज जेवढा पोचला तेवढा ठिपका. तुमच्याकडे तो क्षण १ कोटी २८ लाख वर्षांचा येतो. आणि खरी अडचण पुढेच आहे. वयाने भागायची ती बेरीज शून्य काळापासून सुरू केली तर लॉग अनंताला जातो, म्हणजे आवाजाची धाव अमर्याद होते. मग ठिपक्याला ठरावीक आकार येणार कुठून? निसर्गात तो अतिशय नेटका आहे, डब्ल्यूमॅप आणि प्लँक या दोन उपग्रहांनी तो एकापेक्षा एक बारकाईने मोजला. तुमच्या मॉडेलला तो सांगता येत नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो. विश्वाची दोन टोकं एकमेकांना कधी भेटलीच नाहीत तर त्यांचं तापमान सारखं कसं, हा जुना प्रश्न तुमच्या मॉडेलमध्ये उद्भवतच नाही, त्याच अनंत लॉगमुळे. तुम्ही हा मुद्दा लिहिला नव्हता. तो तुमच्या बाजूचा आहे, लिहायला हवा.

वक्रतेबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेल की प्लँकने अवकाश सपाट असल्याचं सिद्ध केलंय, विषय संपला. तसं तेवढ्यावर संपत नाही. वक्रतेचा वाटा शून्यापासून फार तर हजारात दोन-चार एवढाच दूर आहे, हा आकडा प्रचलित मॉडेलची चौकट धरून काढलेला आहे, आणि तुमची चौकट वेगळी आहे. त्या चौकटीत गोल असलाच तर त्याची त्रिज्या १,४०० कोटी प्रकाशवर्षांच्या दहापटीहून मोठी हवी. तुमच्या विश्वात मात्र वक्रतेचा वाटा आकाराने अख्खा एक आहे. हा आकडा उचलून तुमच्यावर मारणं मला पटत नाही. तुमचं मॉडेल स्वतःच्या पायावर सुपरनोव्हांपाशी आणि ठिपक्यांपाशी अडतं, तेवढं पुरे आहे.

इथपर्यंतचा धागा पकडू: गोल चालतो, हबलचा नियम चालतो, वय चालतं. प्रकाश दूरवर चालवला की सुपरनोव्हा जास्त उजळ होतात, दूरच्या दीर्घिका जास्त रुंद होतात आणि ठिपक्यांना मापच राहत नाही.

आता तो भाग, जो तुमच्या टिपणात अजिबात नाही: या गोलावर भरलंय काय? भूमिती एकटी त्रिज्येचा वेग ठरवत नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांत आत किती द्रव्य-ऊर्जा आहे आणि ती कशी विरळ होते, त्यावर प्रसरणाचा वेग ठरतो. त्या समीकरणात तुमची त्रिज्या घाला, मोजून दोन ओळींचं काम आहे. घनता येते क्रांतिक घनतेच्या बरोबर दुप्पट. क्रांतिक घनता म्हणजे जिच्यावर अवकाश नेमकं सपाट राहतं ती घनता, घनमीटरमागे साधारण साडेपाच प्रोटॉनांएवढं वस्तुमान, तुम्हाला लागणार अकरा. निरीक्षणांवरून अदृश्य द्रव्य धरून सगळं द्रव्य भरतं दीडेक प्रोटॉनाएवढं, आणि आपल्या ओळखीचे अणू चार घनमीटरला एक.

त्याहून अवघड गोष्ट अशी. गोल दुप्पट फुगला की आकारमान आठपट होतं, तेव्हा द्रव्य आठपट विरळ व्हायला हवं. तुमच्या समीकरणातून घनता मात्र फक्त चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे गोल दुप्पट झाला तेवढ्यात आतलं वस्तुमानही दुप्पट झालं. ते आलं कुठून? एक तर द्रव्य सतत निर्माण होत असलं पाहिजे, नाही तर उणा दाब असलेलं काहीतरी सगळीकडे भरलेलं असलं पाहिजे. डार्क एनर्जी घालवण्यासाठी निघालात आणि तिची चुलत बहीण मागच्या दाराने घरात आली, असं झालंय.

द्रव्य निर्माण होतं असं म्हणायला लाजू नका, पण म्हणायचं तर उघडपणे म्हणा. मराठी वाचकाला हे सांगताना जयंत नारळीकरांची आठवण येणारच. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिर स्थितीचं विश्व मांडलं. त्यात विश्व प्रसरण पावतं पण घनता तीच राहते, म्हणून १०० कोटी वर्षांत घनमीटरमागे साधारण एखादा हायड्रोजनचा अणू नव्याने निर्माण व्हावा लागतो. तुमच्या मॉडेलला लागणारा दरही त्याच घरातला आहे. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी, आणि ही निर्मिती कशी होते याचं गणित त्या दोघांनी एका क्षेत्राच्या रूपात मांडलं, ऊर्जेचा हिशेब बसवून. १९६५ मध्ये पार्श्वभूमीचा प्रकाश सापडला आणि मूळच्या सिद्धांताची बाजू पडली. तरी पुढे १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित रूप मांडलं आणि त्या प्रकाशाचं त्यांचं स्पष्टीकरणही सोबत दिलं. बहुतेक जगाला ते पटलं नाही, मलाही नाही. पण विरोधकाला नेमके कुठे मोजायचं ते त्यांनी प्रत्येक वेळी स्वतः सांगितलं. तुमच्या टिपणात मी शोधत होतो ते हेच.

हेलियमबद्दल थोडक्यात. ते मुख्यतः सुरुवातीच्या तापलेल्या विश्वात न्यूट्रॉन आणि प्रोटॉन जुळून तयार झालं. विश्व १०० कोटी केल्विनला पोचतं तेव्हा प्रचलित मॉडेलमध्ये त्याचं वय तीन-चार मिनिटं असतं. तुमच्याकडे ३८ वर्षं. मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत विघटतो. अशा संथ विश्वात हेलियम जमवण्याचे प्रयत्न काही अभ्यासकांनी केले आणि ते काही प्रमाणात जमतंही, पण ड्युटेरियम (जड हायड्रोजन) टिकत नाही, इतका वेळ तापलेल्या अवस्थेत राहिल्यावर ते जळून जातं. आकाशात ते एक लाख हायड्रोजनांमागे अडीच या प्रमाणात आहे.

अजून एक शक्यता उरते, आणि तुमचं खरं म्हणणं कदाचित तीच असेल. 'त्रिज्या म्हणजेच काळ' हे तुम्ही अक्षरशः घेत असाल, तर सापेक्षतेत काळाच्या दिशेला अवकाशाच्या उलट चिन्ह असतं. ते चिन्ह पाळून एका बिंदूपासून सारख्याच 'काळ-त्रिज्येवर' असलेले सगळे बिंदू जोडले तर गोल मिळत नाही, घोड्याच्या खोगिरासारखा उलट वक्रतेचा पृष्ठभाग मिळतो. हे मॉडेल मिल्नने १९३० च्या दशकात मांडलं. त्यात साइनच्या जागी हायपरबोलिक साइन येतो आणि रेडशिफ्ट १ ला फरक ०.४१ वरून ०.०६ प्रतीवर येतो! एका चिन्हाने एवढा फरक पडतो. पण ते विश्व पूर्ण रिकामं असावं लागतं, ठिपक्यांची अडचण तिथेही आहे, आणि रेडशिफ्ट ०.५ च्या आसपास ते ०.१२ प्रतीने चुकतं. मधला पर्यायही आहे: सपाट अवकाश आणि त्रिज्येसारखीच सरळ वाढ. ॲरिझोना विद्यापीठाचे फुल्व्हियो मेलिया अशा मॉडेलची बाजू बरीच वर्षं लावून धरत आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक दाव्यावर आकड्यांनिशी वाद झालेला आहे. वय आणि हबल स्थिरांकाचा गुणाकार आज एकच्या इतका जवळ का, हा त्यांचा प्रश्न तुमच्याच प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. त्यांचं काम वाचाच, विरोधकांचंही वाचा.

प्रचलित मॉडेलची भिंत सगळीकडून भक्कम आहे असं मी म्हणणार नाही. पार्श्वभूमीच्या प्रकाशावरून हबलचा स्थिरांक ६७.४ येतो, जवळच्या सुपरनोव्हांवरून ७३ च्या आसपास, आणि हा फरक मिटलेला नाही. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत डार्क एनर्जी काळानुसार बदलत असावी असे इशारे आहेत. नव्या भूमितीला इथे जागा आहे. २००३ मध्ये लुमिने आणि सहकाऱ्यांनी विश्व बारा पंचकोनी बाजूंच्या आकारात स्वतःवर गुंडाळलेलं असावं असं सुचवलं. विलक्षण कल्पना. पण सोबत त्यांनी हेही लिहिलं की तसं असेल तर पार्श्वभूमीच्या प्रकाशात एकसारख्या वर्तुळांच्या सहा जोड्या, सुमारे ३५ अंश त्रिज्येच्या, सापडतील. दुसऱ्या गटाने आकाश धुंडाळलं. त्या सापडल्या नाहीत. तरीही तो शोधनिबंध आजही आदराने वाचला जातो.

आता तुम्ही करायचं काम, एका सुट्टीच्या दिवसाचं. पँथिऑन प्लसची यादी मोफत मिळते. एक्सेलमध्ये ती उघडा. पहिल्या स्तंभात रेडशिफ्ट, दुसऱ्यात एक अधिक रेडशिफ्ट, तिसऱ्यात त्याचा नैसर्गिक लॉग, चौथ्यात त्याचा साइन. कोन रेडियनमध्ये ठेवा, अंशांत नको. पाचव्यात दुसरा गुणिले चौथा. त्याच्या दहाच्या पायाच्या लॉगला पाचने गुणलं की तुमच्या मॉडेलची प्रत आली, एका सामाईक आकड्याच्या फरकाने. तो सामाईक आकडा मोकळा सोडा आणि जवळच्या सुपरनोव्हा बरोबर बसतील असा निवडा. रेडशिफ्ट ०.०१ च्या आतल्या वगळा, कारण तिथे दीर्घिकांचे स्वतःचे काही शे किलोमीटरचे वेग प्रसरणात मिसळतात. मग प्रत्यक्ष मोजणीतून तुमची प्रत वजा करून उरलेला आकडा रेडशिफ्टच्या समोर मांडा. आलेखातले ठिपके शून्याच्या रेषेवर राहिले तर मला लगेच कळवा, मी माझे सगळे हिशेब पुन्हा करीन. ते रेडशिफ्ट ०.२ पासून वर सरकू लागले तर सहाव्या स्तंभात साइनच्या जागी नुसता लॉग घालून बघा, सातव्यात हायपरबोलिक साइन. तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा आणि तो कागद पाठवा. त्यावर पुढचं बोलू.